श्वास रोखून बसलेली माणसं

चष्मे परत यायला लागले तेव्हा भिंगकाकांनी आधी काचा बनवणाऱ्या कारखान्याला नावं ठेवली.

पहिल्यांदा आली ती एक शाळेतली बाई. चष्मा काढून काउंटरवर ठेवत म्हणाली, "काका, हा घातला की जमीन वर आल्यासारखी वाटते. जिना उतरताना पाय कुठे टाकू तेच कळत नाही." काकांनी तिला चार दिवस सवय करून बघायला सांगितलं. मग एक हिशेबनीस आला, त्याचं डोकं दुपारपासून ठणकायचं. मग एक शिवणकाम करणारी बाई. तिला सुईच्या नेढ्याला सावली दिसायची. नंतर नंतर तर दुकानाचं दार वाजलं की काका आधी येणाऱ्याच्या चेहऱ्याकडे न बघता हाताकडे बघायचे, चष्म्याची डबी आहे का म्हणून.

त्यांचं खरं नाव काय हे कोणाला फारसं आठवत नव्हतं. लोक भिंगकाका म्हणत. नंबर काढण्यात त्या भागात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मोठमोठे डोळ्यांचे दवाखाने झाले, यंत्रात हनुवटी टेकवली की कागदावर आपोआप नंबर छापून यायला लागले, तरी जुनी माणसं काकांकडेच यायची. "यंत्र आकडा सांगतं," काका म्हणायचे, "दिसतंय की नाही ते माणूसच सांगतो."

दुकानाच्या मागे एक चिंचोळी खोली होती. खिडकी नव्हती, दाराला काळा पडदा. एका टोकाला उंच-खाली होणारी खुर्ची, दुसऱ्या टोकाला उजेडातला अक्षरांचा तक्ता. काका स्टुलावर बसायचे, गिऱ्हाइकाच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. त्याच्या नाकावर लोखंडी चौकट चढवायची, तिच्यात एकेक भिंग सरकवायचं, मध्येच वाकून बारीक दिव्याने बुबुळात बघायचं. त्या वेळी दोन नाकांमध्ये वितीचंसुद्धा अंतर उरत नसे. "पहिलं बरं की दुसरं? आता? हे की आधीचं?" एवढंच बोलणं, पण तेच सगळं काम.

कारखान्याला फोन झाले, तिकडून नवा माल आला, चष्मे परत यायचे काही थांबेनात. काकांनी आपला दिवा तपासून घेतला. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका ओळखीच्या चष्मेवाल्याकडे जाऊन स्वतःचे डोळे तपासून घेतले. डोळे ठणठणीत होते. मग संशय गेला कारागिरावर. हा कारागीर चाळिशी उलटलेला, अबोल माणूस होता. पंधराएक वर्षं दुकानाच्या कोपऱ्यात बसून काचा घासत होता. काकांनी विचारल्यावर त्याने परत आलेला एकेक चष्मा मोजून दाखवला. काकांनी जो नंबर लिहून दिला होता तोच काचेत होता, तसूभरही इकडेतिकडे नाही.

"मग चुकतंय कुठे?" काका म्हणाले.

कारागिराने चष्मा परत डबीत ठेवला. त्याच्या तोंडावर मास्क होता. पूर्वी तो फक्त चाकावर काच घासताना मास्क लावायचा. आताशा दिवसभर लावायचा आणि डबा खायला बाहेर पायरीवर जाऊन बसायचा. काचेची भुकटी छातीत जाते, असं तो म्हणाला होता. काकांना ते पटलंही होतं.

आणखीही एक गोष्ट झाली होती, पण तिचा तर काकांना अभिमानच वाटत होता. तपासणी लवकर आटपत होती. पूर्वी एका माणसाला लागायचा तेवढ्या वेळात आता दोघं व्हायची. लोक पटापट उत्तरं द्यायचे. हात मुरला की असंच होतं, अशी काकांनी स्वतःची समजूत घातली होती.

त्याच दिवसांत एक क्रेनवाला आला. बस डेपोच्या मागे एक टोलेजंग इमारत उभी राहत होती, तिथल्या क्रेनच्या टोकावरच्या केबिनमध्ये हा दिवसभर बसायचा. खाली एक माणूस हातांनी खुणा करायचा आणि हा वरून लोखंडाचे गठ्ठे उतरवायचा. अंगाने आडवातिडवा, खुर्ची भरून गेली. "खालचा हात धूसर दिसायला लागलाय, काका," तो म्हणाला.

काकांनी चौकट चढवली, जवळ सरकले. "पहिलं की दुसरं?"

"दुसरं."

"आता?"

"हे."

"हे की आधीचं? नीट बघून सांग."

"हेच. एकदम स्वच्छ."

दोन्ही हातांनी त्याने गुडघे घट्ट धरले होते आणि चेहरा लाल झाला होता. काका चौकट काढतात न काढतात तोच तो उठला, पडदा सारून बाहेर गेला आणि दुकानाच्या दारात उभं राहून त्याने एवढा मोठा श्वास घेतला, जसा काही विहिरीच्या तळातून वर आला. उंचावर मोकळ्या हवेत बसणारा माणूस, कोंदट खोलीत घुसमटला असेल, असं काकांना वाटलं. चार दिवसांनी तो चष्मा घेऊन गेला. तो काही परत आला नाही, म्हणून काकांनी त्याची गणती समाधानी गिऱ्हाइकांत केली.

याच सुमारास काकांची थोरली बहीण, तब्बल दोन वर्षांनी, त्यांच्याकडे राहायला आली, तेव्हा चष्म्याचा नंबर वाढला असेल तर तोही बघून टाकू म्हणून दुकानात आली. सत्तरी ओलांडलेली, पण जिभेला धार तशीच. खुर्चीत बसली, पर्स मांडीवर घेतली. काका भिंग घेऊन वाकले, आणि बाईंनी त्यांच्या छातीवर तळवा टेकवून त्यांना मागे लोटलं.

"काय झालं, ताई?"

"तुझ्या तोंडाला वास येतो."

काका हसले. "दुपारी कांदा खाल्ला होता."

"कांद्याचा वास मला कळतो रे. हा तसला नाही." तिच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. "घरात काहीतरी मरून पडावं आणि सापडू नये, तसला आहे. कधीपासून आहे?"

"मला काय माहीत? कोणी काही बोललं नाही."

"कोणी म्हणजे कोण? तुझी बायको काही बोलली नाही?"

काका पडदा सारून बाहेर आले. कारागीर चाकावर वाकला होता. "तो मास्क काढ जरा," काका म्हणाले. कारागिराने चाक थांबवलं, पण मास्क काढला नाही. नुसती मान खाली घातली. मग म्हणाला, "काका, मी कसं बोलणार होतो तुम्हाला."

संध्याकाळी घरी गेल्यावर काकांनी चपलाही काढल्या नाहीत. स्वयंपाकघरात बायको बटाटे चिरत होती. तिच्यासमोर उभे राहिले आणि तोंड उघडून श्वास सोडला. "काय वास येतो?"

तिने सुरी खाली ठेवली. "कसला?"

"तेच विचारतोय. ताई म्हणते, मेलेल्यासारखा येतो. आणि तू रोज माझ्या शेजारी झोपतेस."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. दारात नणंद येऊन उभी आहे हे तिने पाहिलं, पदर उगीचच सारखा केला. "मला येत नाही," ती म्हणाली. "कशाचाच येत नाही. मागे तो ताप आला होता ना मला, तेव्हापासून. आज येईल, उद्या येईल म्हणत राहिले. आलाच नाही."

"आणि सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला गॅसजवळ उभं राहू दिलं असतं? रंगावरून करते मी सगळं. दूध हातावर घेऊन चाखते. गॅसचं बटण तर दिवसातून वीसदा बघते."

काका खुर्चीवर बसले. कितीतरी दिवस या घरात दोन माणसं राहत होती. एकीला वास येत नव्हता आणि दुसऱ्याला स्वतःचा कळत नव्हता. दारं-खिडक्या लावून ते सुखाने जेवत होते, झोपत होते. या घरात आणखी काय काय कुजत असेल आणि आपल्याला त्याचा पत्ता नसेल, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी मनगटाला जीभ लावून हुंगून पाहिलं, वाटी तोंडाशी धरून पाहिली. काहीच कळलं नाही. नाकाला आपल्या घरचा वास लागत नाही म्हणतात, तसं झालं असावं.

ताईने मुक्काम वाढवला. "घरात एक तरी नाक हवं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीच ते दातांच्या डॉक्टरकडे गेले. ही डॉक्टरीण चाळिशीची, मोकळ्या बोलण्याची होती. "दहातल्या नऊ जणांचं कारण तोंडातच सापडतं," ती म्हणाली. "जिभेच्या मागच्या बाजूला पांढरा थर बसतो, त्यात जंतू राहतात. दातांच्या फटीत अडकलेलं, हिरड्यांच्या आतलं, ते सगळं हे जंतू खातात आणि त्यातून वासाचा वायू सोडतात. तोंड कोरडं पडत असेल तर आणखी जोर. लाळ हीच आपली धुलाई." तिने दात साफ केले, एक किडकी दाढ भरली, जीभ मागपर्यंत कशी घासायची ते दाखवलं. काका शिस्तीचे. सांगितलं त्याच्या दुप्पट केलं. दुकानात मास्क लावायला लागले, खिशात लवंगा ठेवायला लागले. कारागिराला सांगून टाकलं, "माझ्यासमोर संकोच करायचा नाही."

आणि चष्मे परत यायचे थांबले. काकांना वाटलं, कारखान्याचा नवा माल चांगला निघाला.

रोज सकाळी ताई समोर खुर्ची घेऊन बसायची. काका तोंड उघडायचे. ती नाक पुढे करायची आणि मान हलवायची. "आहे. तसाच आहे."

पंधरवड्याने डॉक्टरीण पुन्हा बघायला बसली. आरसा फिरवला, जीभ कापडाने धरून मागपर्यंत पाहिलं, हिरड्या चाचपल्या. या वेळी तिचं बोलणं आटलं होतं. हातमोजे काढताना म्हणाली, "तोंड स्वच्छ आहे तुमचं. माझ्या इतर पेशंटना दाखवावं इतकं. वास इथून निघत नाहीये. खालून येतोय."

"खालून म्हणजे?"

"ते मला इथून दिसत नाही. नाक, टॉन्सिल, अन्ननलिका, छाती, काहीही असू शकतं. खाताना अडकतं का काही? खोकला येतो?"

"जेवताना येतो थोडा. पाणी प्यायलं की जातो."

तिने कागदावर एक नाव लिहून दिलं. "नाक-कान-घशाचे डॉक्टर आहेत. लवकर जा." कागद देताना तिने त्यांच्याकडे बघायचं टाळलं. माणसाच्या डोळ्यांत बघण्यात काकांचं आयुष्य गेलं होतं. न बघणाऱ्याचे डोळे त्यांना बरोबर कळले.

तो कागद त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवला आणि गेलेच नाहीत. ताईला सांगितलं, डॉक्टर गावाला गेलेत. बायकोला सांगितलं, दुकानात गर्दी आहे. मनात एकच गोष्ट घर करून होती. त्यांचे वडील घशाच्या दुखण्याने गेले होते. शेवटी शेवटी त्यांच्या खोलीत जाताना आई नाकाला पदर लावायची आणि आत शिरण्याआधी तो काढायची. लहानपणी पाहिलेलं ते आता डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. डॉक्टरने नाव घेतलं की ते खरं होणार, आणि नाव घेतलं नाही तोवर तो नुसता वास आहे, असा काहीतरी हिशेब त्यांनी मनाशी मांडला होता.

बायकोचं नाक गेलं होतं, कान मात्र तिखट होते. एकदा जेवण झाल्यावर काका आरामखुर्चीत मान टेकून बसले होते. ती शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी अर्धवट सोडून तिने कान दिला.

"तुमच्या गळ्यात काहीतरी बोलतंय."

"काय बोलतंय?"

"पाण्यासारखं. बाटली आडवी केली की होतं तसं." तिने बोटांनी त्यांच्या मानेची डावी बाजू दाबली. आत गुळगुळ असा आवाज झाला. तो काकांनीही ऐकला. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. तिने हात काढून घेतला आणि पदराला पुसला. पुसल्यावर आपण काय केलं ते तिच्या लक्षात आलं, आणि तिने तोच हात पुन्हा त्यांच्या मानेवर ठेवला.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी काका उठले तर उशीवर ओला डाग होता आणि त्यात एक मटारचा दाणा. अख्खा, फक्त रंग उडालेला. त्यांनी तो बोटावर घेतला. बायकोला हाक मारली.

"काल रात्री मटार होते का?"

"काल भोपळा होता." ती दाण्याकडे बघत राहिली. "मटार परवा केले होते. दुपारी."

ताईही आली होती. तिने उशी उचलून नाकाशी नेली आणि एकदम दूर धरली. "हाच," ती म्हणाली. "हाच तो वास."

परवा दुपारी गिळलेला दाणा आज सकाळी परत आला होता. पोटात गेला असता तर पचला असता, किंवा ओकारी होऊन आला असता. हा कुठेतरी बसून राहिला होता. काकांनी मानेवरून हात फिरवला. ते त्यांचंच शरीर होतं, पण त्यात एक खोली अशी होती जिची किल्ली त्यांच्याजवळ नव्हती.

"आवर," ताई म्हणाली. "आत्ता निघायचं. डॉक्टर गावाला गेलेत म्हणालास तर त्या गावाला जाऊ."

घशाचे डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी मटाराची हकीकत ऐकली, मान दाबून आवाज ऐकला आणि लगेच क्ष-किरणांच्या खोलीत पाठवलं. तिथे काकांना खडूच्या पाण्यासारखं पांढरं औषध घोट घोट गिळायला लावलं, आणि ते कसं खाली उतरतं याचं चित्रण झालं. मग डॉक्टरांनी काकांना आणि बायकोला पडद्यासमोर बसवलं.

"घशाच्या खाली, अन्ननलिका सुरू होते तिथे, मागच्या भिंतीचा एक भाग नाजूक असतो," डॉक्टर म्हणाले. "वय वाढलं की काहींच्यात तिथून आतलं अस्तर बाहेर फुगतं. तुमच्या शर्टाला खिसा आहे ना, तसा खिसा होतो. गिळलेलं थोडं अन्न पोटात जायच्याऐवजी त्यात पडतं. तिथे ना लाळ, ना पोटातलं आम्ल. ते कुजतं. हा तुमचा वास. हे बघा, इथे पांढरं खाली गेलं आणि हे बाजूला राहिलं. दिसतंय का?"

"हो," काका म्हणाले.

"आणि ही त्याची खालची कड. दिसतेय ना?"

"हो, हो. स्वच्छ."

डॉक्टर म्हणाले, कर्करोगासारखं काही दिसत नाही, तरी शस्त्रक्रियेत तो भाग काढला की तपासून घेऊ. ती करावीच लागेल, आणि लवकर. झोपेत हे अन्न श्वासनलिकेत उतरलं तर फुप्फुसं सडू शकतात, माणूस दगावतो. तोवर उंच उशी घेऊन झोपायचं.

दोघं जिना उतरत होती. बायको म्हणाली, "मला तर त्या पडद्यावर काहीच उमगलं नाही. धूर दिसला नुसता. तुम्हाला दिसला तो खिसा?"

"नाही."

"मग हो कशाला म्हणालात?"

"तिथून उठायचं होतं मला," काका म्हणाले. "कधी एकदा बाहेर पडतो असं झालं होतं. तो जे विचारील त्याला..."

आणि ते जिन्यात थांबले. एक हात कठड्यावर, एक पाय खालच्या पायरीवर. मागून येणारी माणसं वळसा घालून पुढे गेली. बायकोने दोनदा विचारलं, काय होतंय, चक्कर येते का. काकांना तिचं ऐकूच आलं नाही. त्यांना ती काळ्या पडद्याची खोली दिसत होती. खुर्चीत शाळेची बाई, हिशेबनीस, शिवणकामवाली. गुडघे घट्ट धरून, श्वास रोखून बसलेली माणसं. हे की आधीचं? हेच. आता? हो, हो. स्वच्छ.

कोणाला काहीही दिसलं नव्हतं. त्या सगळ्यांना फक्त उठायचं होतं.

दुकानात पोहोचल्यावर त्यांनी कारागिराला सगळं सांगितलं आणि दोघांनी मिळून वर्षभरातल्या गिऱ्हाइकांना फोन लावायला घेतले. नंबर फुकट तपासून देतो, काचा बदलून देतो, या. पण काकांचं मन त्यात नव्हतं. परत आलेल्यांची त्यांना भीती नव्हती. भीती होती परत न आलेल्यांची. क्रेनवाल्याचा फोन वाजत राहिला, उचलला गेला नाही. काकांनी चप्पल घातली आणि निघाले.

डेपोच्या मागे पत्र्याचं कुंपण होतं. त्यावरून क्रेनचा लांब हात दिसत होता. तो हलत नव्हता. एरवी तिथे कानाला दडे बसतील असा आवाज असायचा. त्या दिवशी फक्त पत्रे वाऱ्याने वाजत होते.

"काम बंद आहे," फाटकावरचा माणूस म्हणाला. "परवा गठ्ठा पडला अंगावर. खाली खुणा करणारा होता त्याच्या."

"गेला?"

"नाही. पण पाय गुडघ्यापासून काढला म्हणतात."

क्रेनवाला आत एका पत्र्याच्या खोलीत बाकावर बसला होता. समोर चहा गार होऊन साय धरलेला. नाकावर काकांनीच दिलेला चष्मा. काका दारातच थांबले, मास्कवर वरून हातही धरला.

"चष्मा नीट नव्हता ना?" त्यांनी विचारलं.

क्रेनवाल्याने वर पाहिलं. ओळख पटायला वेळ लागला. "खालच्या एका हाताचे मला कधी कधी दोन दिसायचे," तो म्हणाला. "वाटलं, नवीन आहे, सवय होईल. परवा त्याने थांब केलं. मला वाटलं, खाली घे म्हणतोय."

"परत का नाही आलात?"

तो खाली बघायला लागला. "राग मानू नका, काका."

"मला माहीत आहे. बोला तुम्ही."

"त्या खुर्चीत मी श्वास रोखून बसलो होतो. मळमळत होतं. परत तिथे बसायचं म्हणजे... म्हटलं, चालवून घेऊ." त्याने गार चहा बाजूला सारला. "इंजिनियर म्हणतात, मी प्यायलो होतो. मी आयुष्यात शिवलो नाही दारूला."

काका इंजिनियरच्या खोलीत गेले. टेबलाच्या या बाजूला उभे राहून त्यांनी सांगितलं की हा माणूस प्यायलेला नव्हता. त्याच्या चष्म्याचा नंबर चुकीचा आहे आणि तो मी काढलेला आहे. कोणालाही बोलवा आणि मोजून बघा. इंजिनियर तरुण होता, घाईत होता. "तीस वर्षं काम करता म्हणता, मग नंबर चुकला कसा?"

काकांनी कारण सांगितलं. सगळं सांगितलं, खिसा, मटार, खुर्ची, काळा पडदा. सांगता सांगता मास्क हनुवटीवर घसरला होता ते त्यांच्या लक्षात आलं नाही. इंजिनियरची खुर्ची आधी थोडी मागे सरकली, मग आणखी मागे, आणि भिंतीला टेकली. "बरं, बरं, कळलं," तो म्हणाला. "लिहून घेतो. या तुम्ही." काकांनी पाहिलं, त्याने काहीच लिहिलं नव्हतं. मग ते हलले नाहीत. मास्क वर केला, समोरची खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "तुम्ही लिहा. मी थांबतो."

चौकशी झाली. चष्मा मोजला गेला, क्रेनवाल्यावरचा दारूचा आळ गेला. पण तो पुन्हा वर चढला नाही. साहेबांनी बोलावलं तरी गेला नाही. पाय गेलेल्या माणसाला भेटायला काका दवाखान्यात गेले तेव्हा क्रेनवाला त्याच्या उशाशी बसून होता. काकांनी आपण कोण ते सांगितलं. पाय गेलेला माणूस त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग त्याने भिंतीकडे तोंड केलं. त्याला बोलायला लावायचा कोणाला काय अधिकार होता. काका जरा वेळ उभे राहिले आणि निघून आले.

शस्त्रक्रिया नीट झाली. काढलेल्या तुकड्यात वाईट काही निघालं नाही. टाके सुकल्यावर एका सकाळी ताईने खुर्ची ओढली, नाक पुढे केलं, पुन्हा एकदा हुंगून खात्री केली. "गेला," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले, जे तिच्या स्वभावात नव्हतं. त्या आठवड्यात ती आपल्या घरी गेली. जाताना भावजयीला गॅस गळला की वाजणारं एक यंत्र बसवून देऊन गेली.

दुकान चालू आहे. मागच्या खोलीचा काळा पडदा काकांनी काढून टाकला, उजेडात तपासणी करतात. वेळ फार लागतो. कोणी पटकन "हो, स्पष्ट" म्हटलं की काका भिंग बदलून मुद्दाम चुकीचं लावतात आणि तेच विचारतात. माणूस वैतागला तरी चालेल, पण त्याने "नाही" म्हटल्याशिवाय ते पुढे जात नाहीत. कारागीर आता काउंटरवरच डबा खातो.

बोलावलेल्यांपैकी बरेच आले. काहींचे फोन बदलले होते, काही शहर सोडून गेले होते, काहींनी "आमचं चाललंय ठीक" म्हणून ठेवून दिला. त्यांत एक शाळेची गाडी चालवणारा होता. त्याचा पत्ता अजून लागलेला नाही. ज्या शाळेचं नाव त्याने सांगितलं होतं तिथे तो आता काम करत नाही, आणि कुठे करतो ते तिथल्या कोणाला माहीत नाही. संध्याकाळी दुकान बंद करून काका चौकात उभे राहतात. समोरून मुलांनी भरलेल्या गाड्या जातात. काचेआड चालकाचा चेहरा क्षणभर दिसतो, कधी चष्मा दिसतो, कधी नाही. काका फुटपाथच्या कडेपर्यंत पुढे होतात, वाकून बघतात, आणि गाडी निघून जाते.